सेल्फ उतरवण्याआधी व्होल्ट मोजा

जुना डिझेल ट्रक सकाळी चालू झाला नाही की पहिला संशय बॅटरीवर जातो, दुसरा सेल्फवर. बॅटरी नवी येते. तरीही टक-टक थांबली नाही की सेल्फ उतरवून रिवाइंडिंगला जातो. खिसा रिकामा होतो आणि आठ दिवसांत गाडी पुन्हा धक्क्यावर येते. बऱ्याच वेळा बॅटरी आणि सेल्फ दोन्ही धडधाकट असतात. दोष असतो त्या दोघांच्या मधल्या वाटेत: गंजलेल्या क्लॅम्पखाली, केबलच्या थिंबलमध्ये, नाहीतर रंगाखाली दबलेल्या अर्थमध्ये. तो शोधायला साधा डिजिटल मल्टीमीटर, एक टेस्ट लॅम्प आणि केबिनमध्ये बसून सेल्फ मारणारा एक माणूस एवढं पुरतं.

हा लेख मुख्यतः जुन्या टाटा-मर्सिडीज ट्रकच्या मालकांसाठी आहे. टाटांच्या टेल्कोने 1954 मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी सहकार्य करार केला आणि 1969 पर्यंत जमशेदपूरहून पुढच्या जाळीवर तीन टोकांचा तारा मिरवणारे ट्रक बाहेर पडले. त्यांतल्या 312 मॉडेलला ओएम 312 हे सहा सिलिंडरचं, सुमारे 4.6 लिटरचं प्रीचेंबर डिझेल इंजिन होतं. आता हौसेने असे ट्रक पुन्हा उभे करणारे लोक आहेत, आणि त्यांची सर्वांत मोठी अडचण डिझेल पंपाची किंवा गिअरबॉक्सची नसते, ती सकाळच्या स्टार्टिंगची असते. तुमच्याकडे प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातला डॉज किंवा फार्गो असेल, अशोक लेलँडचा कॉमेट असेल, तरी हीटर प्लगांचा भाग सोडून बाकीची तपासणी तुम्हालाही तशीच लागू पडेल.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्या, म्हणजे काम निम्म्यावर येतं. या इंजिनाला चालू राहण्यासाठी वीज लागतच नाही. पंप यांत्रिक, नोझल यांत्रिक, बंद करायलाही दांडीला जोडलेला स्टॉपचा नॉब. विजेकडे फक्त दोन कामं आहेत: इंजिन पुरेशा वेगाने फिरवणं, आणि थंड प्रीचेंबर तापवणं. त्यामुळे पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: इंजिन नीट फिरत नाही, की नीट फिरतं पण पेटत नाही? या दोन तक्रारींचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. त्यांची सरमिसळ झाली की माणूस प्लग बदलत बसतो आणि खरा दोष अर्थच्या पट्टीत राहतो.

हात लावण्याआधी

गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे. केबिनमधल्या माणसाला स्टॉपचा नॉब ओढून धरायला सांगा, म्हणजे तपासणी चालू असताना इंजिन अचानक पेटणार नाही. हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर टेकलेला पाना दुसऱ्या टोकाने चॅसीला लागला तर तो क्षणात लाल होतो, आणि त्या वेळी बोट मध्ये असेल तर कायमची खूण राहते. बॅटरीजवळ विडी-सिगारेट नको. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

केबल सोडताना आधी अर्थची, जोडताना अर्थची शेवटी. इथे ‘अर्थ म्हणजे मायनस’ असं गृहीत धरू नका. जुन्या इंग्लिश बनावटीच्या काही गाड्यांत प्लस अर्थ असतो. चॅसीकडे जाणारी केबल बॅटरीच्या कोणत्या खांबावरून निघते ते डोळ्यांनी पाहा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि दोन वेळांच्या मध्ये किमान एक मिनिट जाऊ द्या.

दिवे लखलखीत, मग सेल्फ का मरतो?

हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो, आणि त्याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. समजा बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेत कुठेतरी एक खराब जोड आहे आणि त्याचा रोध आहे 0.01 ओहम. हा आकडा इतका लहान आहे की मल्टीमीटर ओहमवर ठेवून मोजलात तर तो शून्यच दाखवेल. त्या वाटेने 2 अँपिअर जाताना तिथे 0.02 व्होल्ट पडतात, कुणाला पत्ताही लागत नाही. पण सेल्फ इंजिन फिरवताना 300 अँपिअर खेचत असेल, तर त्याच जोडावर 3 व्होल्ट जातात. ते वाया गेलेले व्होल्ट उष्णता होऊन बाहेर पडतात, म्हणून दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर खराब जोड हाताला गरम लागतो. आधी हात थोडा दूर धरून उष्णता जाणवते का ते पाहा, मग स्पर्श करा. काही जोड चटका देण्याइतके तापतात.

यातून निघतं ते असं: बंद गाडीत केबल तपासून काही कळत नाही. रोध मोजू नका, सेल्फ चालू असताना पडणारे व्होल्ट मोजा. जुन्या ट्रकसाठी यापेक्षा उपयोगी चाचणी दुसरी नाही आणि दुर्दैवाने सर्वांत कमी केली जाणारी चाचणीही हीच आहे.

मल्टीमीटर डी.सी. व्होल्टवर ठेवा. लाल काडी बॅटरीच्या प्लस खांबावर, म्हणजे शिशाच्या खांबावरच, क्लॅम्पवर नाही. काळी काडी सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर. आता सेल्फ मारायला सांगा. बॅटरी आणि सेल्फ यांच्यातले पूर्ण व्होल्ट इथे दिसत नाहीत, फक्त वाटेत हरवलेले दिसतात. 24 व्होल्टच्या ट्रकमध्ये अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून जास्त दिसले तर वाट तुकड्या-तुकड्याने मोजा: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचं थिंबल, थिंबल ते दुसऱ्या टोकाचं थिंबल. ज्या तुकड्यावर आकडा उसळतो, दोष तिथे. खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्ये एक-दोन व्होल्ट गेलेले सापडणं अगदी नेहमीचं आहे. वरून क्लॅम्प घट्ट दिसतो, पण काढून पाहिलात तर आतल्या गोलाईवर करड्या ऑक्साइडचा थर असतो. तो सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, खांबही घासा, घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली जोडाच्या बाहेर लावायची, आधी आत थापायची नाही.

नंतर हीच चाचणी अर्थच्या बाजूला. एक काडी सेल्फच्या बॉडीवर, जिथे उघडा धातू आहे तिथे. दुसरी बॅटरीच्या अर्थ खांबावर. इथे 0.3 व्होल्टच्या वर गेलं की थांबा आणि शोध सुरू करा.

नव्याने रिस्टोअर केलेल्या ट्रकांत निम्म्याहून अधिक वेळा घोळ इथेच निघतो, असा माझा अनुभव आहे. चॅसी सँडब्लास्ट होते, प्रायमर लागतो, वर दोन हात चकाकता रंग, आणि अर्थचं थिंबल त्या सुंदर रंगावर बोल्टने आवळलं जातं. रंग वीज वाहत नाही. जी काही वाहते ती बोल्टच्या आट्यांतून. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, सेल्फ मात्र कण्हतो. थिंबल काढा, त्याच्या आकाराएवढा रंग खरवडून धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि मग बाहेरून रंग किंवा ग्रीस लावून गंज थोपवा.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी वेगळी विणलेली पट्टी असते. इंजिन उतरवून परत बसवताना ती लावायची राहून जाते. मग सेल्फचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो: ॲक्सिलरेटरची केबल, क्लचच्या दांड्या, स्पीडोमीटरची तार. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची केबल गरम झाली किंवा तिथून धूर आला तर दुसरं काही तपासू नका, पट्टी लावा.

केबलबद्दल एक सांगायलाच हवं. जुनी केबल बाहेरून शाबूत दिसते, पण थिंबलजवळचं रबर दोन बोटं मागे सोलून पाहा. तांब्याच्या तारा लालसर असायला हव्यात. हिरवट पूड सांडली आणि तारा चिमटीत तुटल्या, तर ती केबल संपली आहे. थिंबल नवं दाबून उपयोग नाही. नवी केबल घेताना 24 व्होल्टच्या ट्रकला साधारण 50 ते 70 चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या. बाजारात जाड रबराची, आत मोजकं तांबं असलेली केबल सर्रास मिळते. टोक कापून घेऊन आतलं तांबं पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

दोन बॅटऱ्यांचा संसार

24 व्होल्ट म्हणजे 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. दोघींतून एकच करंट वाहतो, त्यामुळे एक कच्ची असेल तर पक्कीलाही ती खाली खेचते. दोघींचे एकत्र व्होल्ट मोजून हे कळत नाही, वेगवेगळे मोजावे लागतात. रात्रभर विश्रांती दिलेली, भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असते, 12.2 म्हणजे जवळपास निम्मी. 12 च्या खाली गेली असेल तर आधी बाहेर चार्ज करा, मगच बाकीच्या चाचण्या. आता सेल्फ मारताना प्रत्येकीवर मीटर धरा. निरोगी बॅटरी 9.6 च्या खाली जायला नको. एक 10.5 वर टिकून आहे आणि दुसरी 6 वर कोसळते, असं दिसलं तर गुन्हेगार सापडला. हायड्रोमीटर असेल तर तिच्या सहाही सेलची ग्रॅव्हिटी पाहा. आपल्याकडच्या उष्ण हवेसाठी भरलेल्या बॅटऱ्यांत ती साधारण 1.240 च्या आसपास असते. पाच सेल सारखे आणि एक 1.150 वर, याचा अर्थ तो सेल मेला.

बदलायच्या तर दोन्ही एकदम, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या. नवी-जुनी जोडी कधीच जमत नाही. ट्रकांत आणखी एक खोड असते: टेप, पंखा किंवा जादा दिवा 12 व्होल्टचा मिळाला म्हणून एकाच बॅटरीवर जोडलेला. ती एकटी रोज उतरते, चार्जिंगमध्ये दुसरी मात्र जास्त भरून उकळते आणि वर्षभरात दोघीही जातात. अशी जोडणी दिसली तर आजच काढा आणि 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावा.

काही जुन्या ट्रकांत दिवे 12 व्होल्टचे आणि सेल्फ 24 चा असतो. सेल्फ मारताना एक मोठा बदलखटका दोन बॅटऱ्यांना सिरीजमध्ये आणतो आणि नंतर परत पॅरलल करतो. त्याचे कॉन्टॅक्ट जळले की दिवे उत्तम आणि सेल्फ अर्धमेला. सेल्फच्या बोल्टवर 20 च्या जवळ हवे तिथे 10 च्या आसपास दिसतील. हा खटका काढून टाकून सगळं 12 व्होल्टवर चालवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. 24 चा सेल्फ 12 वर थंड डिझेल फिरवू शकत नाही.

आवाज काय सांगतो

काहीच आवाज नाही: सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर टेस्ट लॅम्प लावा आणि सेल्फ मारायला सांगा. लॅम्प लागला नाही तर दोष किल्लीत, बटणात किंवा कापडी वेष्टणाच्या जुन्या वायरीत. मंद लागला तर मीटरने पाहा. बॅटरी आणि या टर्मिनलमध्ये दोन-तीन व्होल्टचा फरक असेल तर सेल्फच्या खटक्याचे कॉन्टॅक्ट झिजलेत. मूळ खटका सांभाळायचा असेल तर एक हेवी-ड्यूटी रिले डॅशच्या मागे लपवून लावा, खटक्यावरचा भार उतरतो आणि ट्रकचं रूपही बिघडत नाही.

भराभर टक-टक-टक-टक: सोलेनॉइड ओढतो, मुख्य करंट सुरू होताच व्होल्ट कोसळतात, तो सुटतो, परत ओढतो. उतरलेली बॅटरी किंवा वर सांगितलेला खराब जोड.

एकच ठणठणीत ‘ठक’ आणि पुढे शांतता: सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये मीटर लावा. ठक झाल्यावरही तिथे बॅटरीचे जवळजवळ पूर्ण व्होल्ट दिसले तर आतली तांब्याची चकती किंवा बोल्टांची डोकी जळली आहेत. चांगल्या कॉन्टॅक्टवर 0.2 व्होल्टच्या वर जात नाही. उघडता येणाऱ्या जुन्या सोलेनॉइडमध्ये चकती उलटी करून आणि बोल्ट अर्धा फेरा फिरवून नवी बाजू वापरता येते. ठक झाल्यावर या बोल्टांमध्ये काहीच व्होल्ट नाहीत, सेल्फवर पूर्ण व्होल्ट पोचतात आणि तरी तो ढिम्म, तर आत कार्बन संपले असतील किंवा अडकले असतील. रस्त्यात अडकलात तर सेल्फच्या बॉडीवर लाकडी ठोकळ्याने हलके ठोके देऊन पाहा, कार्बन क्षणभर बसतो. गाडी घरी नेण्यापुरताच तो उपाय.

सेल्फ गरगर फिरतो पण इंजिन फिरत नाही: पिनिअन फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये जात नाही. जुन्या बॉश आणि सी.ए.व्ही.च्या काही सेल्फमध्ये संपूर्ण आर्मेचरच पुढे सरकतं: आधी हळू फिरत रिंगमध्ये शिरतं, मग दुसऱ्या टप्प्यात मुख्य कॉन्टॅक्ट जुळतो. असा सेल्फ हळू फिरून दात जुळवतो आणि पुढे जोरच लावत नसेल तर दुसऱ्या टप्प्याचा कॉन्टॅक्ट पाहा. आर्मेचर जळलं असा निकाल कुणी त्याआधी देऊ नये.

बॅटरी चांगली, वाटेत व्होल्ट पडत नाहीत, तरी सेल्फ जड फिरतो आणि केबल तापतात: बुश झिजून आर्मेचर पोलला घासत असतं. आता मात्र सेल्फ उतरवायला हरकत नाही.

फिरतो, पण पेटत नाही

आधी सायलेन्सरकडे पाहा. इंजिन फिरताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, उष्णता कमी पडतेय. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही. लाइनमधली हवा काढा, विजेच्या मागे लागू नका.

प्रीचेंबर इंजिनाला हीटर प्लग लागतातच, नाशिकच्या डिसेंबरात तर लागतातच, पण पावसाळ्याच्या गार सकाळीही लागतात. ओएम 312 च्या पिढीतले प्लग दोन खांबांचे, जाड उघड्या तारेच्या वेटोळ्याचे आणि सहाही सिरीजमध्ये असतात. डॅशबोर्डवर जाळीमागे त्याच मालिकेतली एक तार असते. खटका पहिल्या टप्प्यावर धरला की साधारण अर्ध्या ते एका मिनिटात ती लाल होते, मग दुसऱ्या टप्प्यावर सेल्फ. ही लाल तार म्हणजे फुकटचा मीटर आहे, तो वाचायला शिका. तार लालच होत नाही: मालिका कुठेतरी तुटली. लगेच आणि फार प्रखर लाल होते: मधला एखादा प्लग काजळीमुळे शॉर्ट होऊन इंजिनाला टेकला, रोध कमी झाला, करंट वाढला, आणि त्याच्यापुढचे प्लग थंडच आहेत.

मालिका तुटली असेल तर टेस्ट लॅम्पची एक बाजू इंजिनला लावा आणि प्लग तापवण्याच्या टप्प्यावर खटका धरायला सांगा. वायर जिथून येते त्या टोकाच्या प्लगपासून सुरू करून एकेक खांब तपासत जा. लॅम्प लागत जातो आणि ज्या ठिकाणी विझतो, त्याच्या आधीचा प्लग किंवा पट्टी तुटलेली. प्रत्येक वेळी प्लगच काढावा लागतो असं नाही. दोन प्लगांना जोडणाऱ्या पट्टीचा नट ढिला असण्याची शक्यता तेवढीच असते. एक प्लग मेला आणि नवा हाताशी नसेल तर त्याचे दोन खांब तारेच्या तुकड्याने जोडून बाकीचे पाच चालवता येतात. पण उरलेल्यांवर ताण वाढतो, म्हणून फक्त एकाच प्लगसाठी आणि नवा मिळेपर्यंतच. नवा घेताना व्होल्ट नीट पाहा. सिरीजमधला प्लग एक-दोन व्होल्टचा असतो आणि आजच्या गाड्यांचा एका खांबाचा 12 व्होल्टचा प्लग या मालिकेत चालत नाही.

रात्रीत उतरणारी बॅटरी

संध्याकाळी ठणठणीत आणि सकाळी रिकामी, असं होत असेल तर अर्थची केबल सोडून तिच्या आणि खांबाच्या मध्ये अँपिअरवर ठेवलेला मीटर लावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नका, मीटर जळेल. इतक्या जुन्या ट्रकात इलेक्ट्रॉनिक काही नसतं, त्यामुळे सगळं बंद असताना आकडा शून्याला टेकायला हवा. नसेल तर एकेक फ्यूज काढत पाहा. कोणत्याच फ्यूजने फरक पडला नाही तर डायनामोच्या बॉडीवर हात ठेवा. रात्रभर उभ्या गाडीचा डायनामो कोमट लागला तर कट-आऊटचे कॉन्टॅक्ट चिकटलेत आणि बॅटरी उलट डायनामोलाच पोसतेय. कॉन्टॅक्ट सोडवून घासून पुन्हा जुळवावे लागतील. डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवला असेल तर त्याचे डायोड तपासा. गळका डायोड हेच काम चोरून करतो. गाडी चालू असताना चार्जिंग 24 व्होल्टच्या ट्रकला साधारण 27.5 ते 28.5 आणि 12 च्या ट्रकला 13.8 ते 14.5 हवं. त्याखाली राहिलं तर नव्या बॅटऱ्याही पुरणार नाहीत.

एवढं सगळं मोजूनही सेल्फ उतरवायची वेळ आली, तर दुकानात तो देताना तुमचे आकडे कागदावर लिहून द्या: सेल्फच्या बोल्टवर किती व्होल्ट पोचत होते, वाटेत किती पडत होते, आवाज कसा होता. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन त्यावरून बुश, कार्बन आणि कम्युटेटर आधी पाहील. वाइंडिंग शाबूत असेल तर रिवाइंडिंगची गरजच पडत नाही. बॉडीवरची मूळ नंबरपट्टी, जुने बोल्ट आणि काढलेले कार्बनसुद्धा परत मागून घ्या, कारण पुढच्या वेळी माप जुळवायला तेच लागतात.